डांबराचे पांघरूण

रोहिणी नक्षत्र लागले की गावोगावच्या बाजारपेठेत दोरखंडाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांपुढे निळ्या, पिवळ्या, काळ्या घड्यांच्या थप्प्या लागतात. गिऱ्हाईक ताडपत्री मागते. दुकानदार फुटांत माप विचारतो, कितीच्या जीएसएमची हवी ते विचारतो आणि पावतीवर ‘टारपॉलिन’ असे लिहून देतो. गळके कौल, खळ्यातले सोयाबीन, ट्रकमधले सिमेंट, गणपतीचा मांडव, फुटपाथवरचा संसार, या साऱ्यांना झाकणारी वस्तू एकच आणि तिची नावे दोन. त्यातले टारपॉलिन हे नाव चारशे वर्षांचे आहे. ते जन्माला आले तेव्हा प्लास्टिक नव्हते, निळ्या घड्या नव्हत्या, जीएसएमही नव्हते. होते ते जहाज, चीड-पाइनच्या जातीची झाडे आणि काळे, चिकट, उग्र वासाचे डांबर.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभी दिसू लागतो. तेव्हा त्याचे स्पेलिंग ठरलेले नव्हते. टारपॉलिंग, टारपॅलिंग अशी त्याची वेगवेगळी रूपे सापडतात. अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेली त्याची फोड अशी: ‘टार’ म्हणजे डांबर, ‘पॉल’ म्हणजे अंगावरून वा वस्तूवरून सोडलेले जड वस्त्र, आणि शेवटी ‘इंग’ हा प्रत्यय. हा प्रत्यय मॅटिंग, नेटिंग अशा शब्दांत आपल्याला भेटतो आणि ‘अमुक प्रकारचा माल’ असा अर्थ देतो. बोलता बोलता शेवटचा ‘ग’ झिजला आणि टारपॉलिन उरले. शब्दशः अर्थ लावला तर डांबराचे पांघरूण.

यातला ‘टार’ आपल्याला वाटतो तितका परका नाही. आज डांबर म्हटले की रस्ता आठवतो, पण रस्त्यावरचे डांबर खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघते. चारशे वर्षांपूर्वीचे जहाजी डांबर झाडापासून काढत. जुन्या इंग्रजीत त्याला ‘तेरू’च्या जवळपासचे नाव होते आणि त्याचे मूळ ज्या प्राचीन धातूत आहे, त्याचा अर्थच ‘झाड, लाकूड’ असा होतो. इंग्रजीतला ‘ट्री’ त्याच मुळातून आला. ‘ट्रू’, म्हणजे झाडाच्या खोडासारखा पक्का, भरवशाचा, हाही त्याच घरातला. आणि संस्कृतातले दारु व द्रुम हेही याच घरातले. म्हणजे देवदार, दारुहळद हे शब्द आणि टार हे एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत. (प्यायची दारू मात्र फारसीतून आली.) डांबर म्हणजे लाकडाचे सत्त्व, ही गोष्ट शब्दाच्या पोटात जपून राहिली आहे. डांबर कसे काढत ते पाहिले की हे नाव किती अचूक होते ते कळते.

फिनलंडच्या उत्तरेकडच्या जंगलांत हा धंदा शतकानुशतके चालला. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या ताब्यात होता, म्हणून तिथले बरेचसे डांबर युरोपात स्वीडनचे म्हणून ओळखले जाई आणि आजही त्याला ‘स्टॉकहोम टार’ म्हणतात. काम उभ्या झाडापासूनच सुरू होई. पाइनच्या खोडाची साल ठिकठिकाणी सोलून झाड तसेच ठेवत. जखम झाली की झाड तिथे राळ आणते. अशी काही वर्षे गेली की राळेने भिजलेले ते लाकूड तोडायचे, त्याच्या ढलप्या करायच्या आणि उतारावर खणलेल्या, नरसाळ्याच्या आकाराच्या खड्ड्यात रचायच्या. खड्ड्याला आतून बर्च झाडाच्या सालीचे अस्तर असे. वरून गवताची ढेकळे आणि माती थापून ढीग जवळजवळ बंद करत आणि मग कडेने पेटवत. ज्वाळा उठू द्यायची नाही, नुसते धुमसू द्यायचे. रात्रंदिवस पहारा ठेवावा लागे, कारण हवा जास्त गेली तर सगळे जळून जाई. मोठा ढीग आठवडाभर, कधी त्याहून जास्त धुमसत राही. लाकडातली राळ उष्णतेने सुटून तळाशी गोळा होई आणि लाकडी नळीतून पिंपात पडे. मग ती पिंपे लांबट होड्यांत घालून काइनू भागातून नदीच्या धारेने औलू बंदराकडे निघत.

हे काम गरीब शेतकऱ्याचे, आणि त्या डांबराची वाट पाहणारे होते युरोपातले बलाढ्य आरमार. १६४८ मध्ये स्वीडनच्या राजसत्तेने डांबराच्या निर्यातीची मक्तेदारी एका कंपनीला दिली आणि इंग्लंडचे सारे जहाजी गणित त्या कंपनीच्या भावावर अवलंबून राहू लागले. दोर, डोलकाठ्या, जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी, सगळ्यांना डांबर लागे. ते मिळाले नाही तर जहाज बंदरातच कुजेल अशी अवस्था. शेवटी १७०५ मध्ये इंग्लंडच्या संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींतून डांबर आणणाऱ्यांना बक्षिसी देणारा कायदा केला. त्यातून नॉर्थ कॅरोलायनातली पाइनची जंगले धुमसू लागली. त्या राज्याच्या लोकांना आजही ‘टार हील’ म्हणतात, म्हणजे टाचेला डांबर लागलेले.

डांबराला इतकी किंमत का होती? शीड आणि दोर अंबाडी-तागासारख्या वाखाच्या धाग्यांचे असत. कॅनव्हास हा शब्दच कॅनबिस, म्हणजे भांगेच्या झाडाच्या लॅटिन नावावरून आला. त्या झाडाच्या सालीचा वाख काढून कापड विणत. असा धागा समुद्रात भिजत-वाळत राहिला की त्यावर बुरशी येते आणि तो आतून सडतो. डांबरातली राळ पाण्याला दूर सारते आणि त्यातली फेनॉल जातीची द्रव्ये बुरशीला मारतात. एकाच लेपात दोन्ही कामे होत. त्याचे दोषही तेवढेच मोठे. उन्हात ते पाझरते, हाताला-कपड्याला चिकटते; थंडीत कापड पत्र्यासारखे ताठ होते; वास जात नाही; आग लागली तर विझत नाही. तरीही जहाजावर त्याला पर्याय नव्हता.

आता ‘पॉल’कडे येऊ. हा शब्द लॅटिन ‘पॅलियम’वरून आला. पॅलियम म्हणजे ग्रीक धाटणीचे, अंगाभोवती गुंडाळायचे चौकोनी वस्त्र. रोमन माणूस टोगा नेसे; तत्त्वज्ञ आणि ग्रीक विद्येचे चाहते पॅलियम पांघरत. ख्रिस्ती धर्माने ते वस्त्र उचलले. त्याचे रूप बारीक होत होत लोकरीच्या एका अरुंद पट्ट्यापर्यंत आले. पोप अजूनही ‘पॅलियम’ नावाची ही पट्टी प्रांताच्या मुख्य आर्चबिशपांना देतात. गोव्याच्या आणि मुंबईच्या आर्चबिशपांच्या खांद्यांवर ती दिसते. इंग्रजीत शिरताना मात्र या शब्दाने उंची, भरजरी वस्त्राचा अर्थ धरला आणि पुढे शवपेटीवर पसरायच्या जड कापडाचा. शवपेटीसोबत चालणाऱ्यांना ‘पॉलबेअरर’ म्हणतात. आज ते पेटी उचलणारे असतात. मुळात मात्र ते त्या कापडाची टोके धरून चालणारे होते.

याच पॅलियमचे आणखी एक लेकरू आपल्याकडे रोजच्या वापरात आहे. लॅटिनमध्ये ‘पॅलियम घालणे’ म्हणजे पांघरूण घालणे, झाकणे. त्यावरून वेदना झाकणारा, दुःखाची धार कमी करणारा उपचार तो ‘पॅलिएटिव्ह’. माँट्रियलचे डॉक्टर बाल्फर माउंट यांनी १९७० च्या दशकात आपल्या रुग्णालयात मरणासन्न रुग्णांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा ‘हॉस्पिस’ हा शब्द त्यांना अडचणीचा वाटला, कारण तिथल्या फ्रेंच बोलीत त्याला निराधारांच्या आश्रयगृहाचा वास होता. त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव घेतले आणि ते जगभर रुजले. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातले अशा सेवेचे पहिले केंद्र. टारपॉलिन आणि कर्करोगाच्या रुग्णाची शेवटची शुश्रूषा या दोन गोष्टींचे एकच आजोळ असावे, याचे मला फार अप्रूप वाटते. दोन्हीकडे वादळ थांबवता येत नाही हे मान्य आहे. माणसावर काहीतरी पांघरायचे आहे.

डांबर लावलेले काळे कापड आणि शवपेटीवरचे काळे कापड, यांच्यातले साम्य पाहून कुणा खलाशाने हे नाव पाडले असावे, असे व्युत्पत्तिकार म्हणतात. ते मला पटते. जहाजाच्या डेकवर माल उतरवायची चौकोनी तोंडे असतात. वादळाची चाहूल लागली की त्यांवर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर डांबरी कापड ताणायचे आणि कडेने लाकडी पट्ट्या ठोकून ते घट्ट करायचे. जमिनीसारख्या सपाट डेकवर झाकलेली ती काळी, आयताकार आकृती. रोज मरण जवळून बघणाऱ्या माणसांना ती पाहून काय आठवत असेल, हे सांगायला नको.

हे नाव मग वस्तूवरून माणसावर गेले. खलाशी त्याच कापडाचे कोट शिवून घेत, त्याच कापडाच्या टोप्या घालत, दोरांना डांबर लावता लावता त्यांचे हात काळे होत. सतराव्या शतकाच्या मध्यापासून खलाशालाच ‘टारपॉलिन’ म्हणू लागले, पुढे नुसते ‘टार’, आणि मग लाडाने ‘जॅक टार’. पण इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या आरमारात या शब्दाला धार होती. तेव्हा जहाजांवर दोन तऱ्हेचे कप्तान असत. एक ‘जंटलमन’, म्हणजे घराण्याच्या आणि दरबाराच्या जोरावर नेमणूक मिळालेले. दुसरे ‘टारपॉलिन’, म्हणजे पोरवयात डेकवर चढून, दोर ओढून, वारा ओळखायला शिकून वर आलेले. पहिल्यांना सुकाणूचे ज्ञान कमी, दुसऱ्यांना दरबारी रीत कमी. जहाज कुणाच्या हाती द्यायचे, हा वाद त्या काळी राज्याच्या वरच्या वर्तुळात चालला होता.

सॅम्युअल पेप्स याने हा वाद आतून पाहिला. तो आरमाराच्या कचेरीतला अधिकारी आणि त्याची १६६० ते १६६९ ची रोजनिशी जगप्रसिद्ध. १६६६ च्या जूनमध्ये डच आरमाराशी चार दिवस लढाई झाली. तिच्यात सर ख्रिस्तोफर मिंग्ज हा आरमारी अधिकारी जखमी होऊन मेला. त्याचे वडील जोडे बनवणारे होते, असे पेप्सने लिहून ठेवले आहे. मिंग्जच्या दफनाला मोठी माणसे फारशी आली नव्हती. विधी आटोपून पेप्स आरमाराच्या कारभारातला आपला सहकारी सर विल्यम कॉव्हेंट्री याच्या घोडागाडीत बसला होता, तेव्हा दहा-बारा दणकट खलाशी गाडीपाशी आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. आपल्या सेनानीची आम्ही आजवर चाकरी केली, आता त्याला मातीही दिली. त्याच्यासाठी देण्यासारखे आमच्यापाशी दुसरे काही नाही. आम्हांला एक आगजहाज द्या, शत्रूवर घालतो, असे त्यांचे मागणे होते. आगजहाज म्हणजे दारूगोळा आणि ज्वालाग्राही माल भरून पेटवून शत्रूच्या ताफ्यात सोडायचे जहाज. त्यावरच्या माणसांचा परतीचा भरवसा नसे. ते दृश्य पाहून पेप्सला रडू आवरणे कठीण गेले. टारपॉलिन हा शब्द ज्या माणसांना हिणवण्यासाठी वापरला जाई, ती माणसे ही.

पुढे १६७७ मध्ये पेप्सच्याच पुढाकाराने आरमारात लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा सक्तीची झाली. काही वर्षे समुद्रावर काढल्याचा दाखला आणि नौकानयनाची तोंडी चाचणी. मोठ्या घरच्या मुलालाही आता डांबराचे डाग अंगावर घेतल्याशिवाय वर जाता येईना. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची घटना आहे.

हिंदुस्थानात हा शब्द जहाजांवरूनच उतरला असला पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने होते. रत्नागिरीच्या पट्ट्यातले कोकणी मुसलमान, गुजरातचे, बंगालचे, गोव्याचे. त्यांना ‘लस्कर’ म्हणत आणि त्यांची बोली म्हणजे हिंदुस्थानी, पोर्तुगीज, इंग्रजी, अरबी यांची खिचडी. ती इंग्रज अधिकाऱ्यांना कळावी म्हणून थॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी जहाजी शब्दांचा कोशच छापला. इकडे मुंबईत १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने गोदीत सागवानी जहाजांची परंपरा उभी केली. तिथे १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवली आहे. अशा गोदीत, अशा जहाजांवर, साहेबाने मारलेली हाक ऐकून तीच आपल्या तोंडात बसवणारी माणसे होती.

आणि तोंडात बसवताना प्रत्येक भाषेने आपली करामत केली. हिंदीत झाले तिरपाल. त्याला स्वतंत्र अर्थ नाही, पण उच्चारायला सोपे. तमिळने मात्र कमाल केली. तिथे शब्द झाला ‘तार्पाय’. तार म्हणजे डांबर, आणि पाय म्हणजे चटई. शिडालाही पायच म्हणतात. परक्या शब्दाचा ध्वनी राखला आणि अर्थही हुबेहूब लागला: डांबराची चटई, डांबराचे शीड. इंग्रजीत जे झाले तेच पुन्हा, दुसऱ्या भाषेच्या साहित्यातून.

मराठीत आणि गुजरातीत ताडपत्री. ताडाचे पान असा याचा सरळ अर्थ होतो आणि पुष्कळजण तसेच समजतात. मला मात्र यात टारपॉलिनचाच आवाज ऐकू येतो. ‘टारप’चे ‘ताडप’ व्हायला मराठी जिभेला काहीच कष्ट नाहीत. र आणि ड एकमेकांच्या जागी सहज येतात. पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’चे ‘हुकुमदार’ करणाऱ्या देशात हे नवल नाही. कान अनोळखी आवाज ऐकतो आणि घरात जो शब्द तयार असतो त्याच्या साच्यात तो बसवतो. ‘ताडपत्र’ हा शब्द पोथ्यांमुळे तयार होताच. शिवाय पावसापासून पानांनी स्वतःला झाकणे ही आपली जुनी रीत. मावळात आणि कोकणात भातलावणी करणारी बाई बांबूच्या कामट्यांत पाने बसवलेले इरले डोक्यावरून पाठीवर घेई. माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे पडवीला बांधत, म्हणजे पावसाची झड आत येत नसे. मे महिन्यात घर शाकारायचे म्हणजे गवत, पेंढा, पाने नव्याने घालायची. अशा मुलखात पाऊस अडवणारी नवी वस्तू आली आणि तिचे नाव पानावरून पडले, तर ते लोकांच्या अनुभवाला धरूनच आहे.

वस्तू मात्र बदलत गेली, आणि हा भाग मला शब्दाइतकाच मोठा वाटतो. डांबरानंतर जवसाचे तेल आले. जवसाच्या तेलाला हवेतला प्राणवायू लागला की ते सुकून चामड्यासारखा पापुद्रा धरते. कापडाला त्याचे हात दिले की पाणी थांबते. पण हीच क्रिया उष्णता सोडते. तेल लावलेल्या कापडाच्या घड्या ओल्या असतानाच रचून ठेवल्या तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ढीग आपोआप पेट घेतो. तेलाने भिजलेल्या चिंध्या अशा पेटतात, हे रंगकाम करणाऱ्यांना आजही सांगावे लागते. मग ग्लासगोचा रसायनज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश याने १८२३ मध्ये रबराच्या कापडाचे पेटंट घेतले. शहरात दिव्यांसाठी दगडी कोळशापासून वायू काढत, तेव्हा कोळशाचे डांबर टाकाऊ म्हणून उरे. त्यातून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळते हे त्याने ओळखले आणि ते रबर दोन कापडांच्या मध्ये दाबले. डांबर पुन्हा एकदा पाण्याच्या आड उभे राहिले, यावेळी पडद्यामागून.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवते ती ट्रकवरची जाड, हिरवट, मेणाच्या वासाची सुती ताडपत्री. तिच्यात एक गुण होता जो आजच्या प्लास्टिकमध्ये नाही. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोके आपोआप बुजतात. वाळला की पुन्हा मोकळी होतात. म्हणून ती पाणी अडवी पण दमटपणा आत कोंडत नसे. तिची दुसरी बाजू वजनाची. ओली झाली की ती उचलायला माणसे लागत.

प्लास्टिकची गोष्ट मार्च १९३३ मध्ये सुरू होते. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन काय होते ते पाहत होते. त्यांना हवे ते मिळाले नाही. भांड्यात पांढरा, मेणासारखा थर मिळाला. ते पॉलिथीन. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर आवरण म्हणून कामी आले. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी कमी दाबाखाली त्याचा जास्त घट्ट, जास्त मजबूत प्रकार बनवण्याची रीत काढली आणि त्याबद्दल १९६३ मध्ये इटलीच्या जुलिओ नात्ता यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. आजची ताडपत्री या दोन्ही प्रकारांची आहे.

जुन्या प्लास्टिकच्या ताडपत्रीचा फाटका कोपरा हातात घेऊन उजेडात धरा. एकसंध वाटणारा तो कागद नसतो, ते कापड असते. घट्ट पॉलिथीनचा पातळ पापुद्रा आधी ओढून त्याच्या काही मिलिमीटर रुंदीच्या फिती कापतात. गरम करून फीत लांबीच्या दिशेने ताणली की तिच्यातले रेणू एका रेषेत येतात आणि ती ताकदवान होते. या फिती यंत्रमागावर उभ्या-आडव्या विणतात आणि मग दोन्ही बाजूंनी मऊ पॉलिथीनचा लेप देतात. वीण ताकद देते, लेप पाणी अडवतो. कडेला दुमडून आत दोरी घालतात आणि ठरावीक अंतरावर धातूच्या कड्या ठोकतात, कारण वारा सगळा जोर कडेवरच काढतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. जास्त वजनाची ताडपत्री सहसा जास्त टिकते, पण तेवढ्यावर विसंबू नये. तिचा खरा शत्रू पाऊस नसून ऊन आहे. अतिनील किरण पॉलिथीनच्या लांब साखळ्या तोडतात. त्यांना थोपवणारे द्रव्य मिसळलेले नसेल तर जाड ताडपत्रीही एका उन्हाळ्यात कडक होते, चुरचुरते आणि हात लावला की पांढरा भुगा झडू लागतो. काळ्या ताडपत्रीतला काजळीचा रंग हे किरण शोषून घेतो, म्हणून ती बहुधा जास्त तग धरते. झडलेला भुगा शेतातच राहतो, मातीत मिसळतो आणि जात नाही. विकत घेताना अतिनील किरणांपासून संरक्षण आहे का, हे विचारायलाच हवे.

ताडपत्री सैल बांधू नये, आणि यामागचा हिशेब अगदी सरळ आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चार बाय सहा मीटरच्या ताडपत्रीवर दहा मिलिमीटरची एक सर आली आणि ते सगळे पाणी मध्ये साचले, तर २४० लिटर, म्हणजे जवळपास पाव टन वजन झोळीत बसते. बांबू मोडतो तो वाऱ्याने कमी आणि या झोळीने जास्त. मध्ये वासा उंच धरून दोन्ही बाजूंना उतार दिला की हा प्रश्न मिटतो. कांद्याच्या आणि सोयाबीनच्या ढिगांना दुसरा धोका असतो. प्लास्टिक श्वास घेत नाही. ढिगातला ओलावा वाफ होऊन वर जातो, रात्री थंड पापुद्र्याला लागून पाण्याचे थेंब होतात आणि मालावरच ठिबकतात. म्हणून अवकाळी सर ओसरली की जाणता शेतकरी लगेच ताडपत्री दूर सारतो.

चार बाय सहा मीटर हे माप मी उगाच घेतले नाही. भूकंप, पूर, युद्ध यांत घर गेलेल्या कुटुंबाला आंतरराष्ट्रीय मदत संस्था जी ताडपत्री देतात, तिचे प्रमाण माप तेच आहे. निर्वासितांच्या छावणीत माणशी निदान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा मिळावी, असा जगभर मानला जाणारा निकष आहे. पाच जणांच्या कुटुंबाला त्यावरून साडेसतरा चौरस मीटर लागतात. २४ चौरस मीटरच्या कापडाला उतार देऊन बांधले की जमिनीवर जवळपास तेवढी जागा झाकली जाते. अमेरिकेत चक्रीवादळानंतर सैन्याचे अभियंते उडालेल्या छपरांवर निळे प्लास्टिक ठोकून देतात, त्या मोहिमेचे नावच ‘ऑपरेशन ब्लू रूफ’ आहे. जपानमध्येही भूकंपानंतर आकाशातून काढलेल्या चित्रांत घरांवर निळे चौकोन दिसतात.

महाराष्ट्रात हे चौकोन आपत्तीशिवायही दिसतात. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कमानी, त्यांवर चटया किंवा पाचट, आणि वर ताडपत्री. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, तेच घर. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे कोयता, पहाटे अंधारात फडात जाते. लहान मुले आणि म्हातारी माणसे त्या कोपीत दिवस काढतात. दुपारी प्लास्टिक तापून आतली हवा कोंडते. पौष-माघाच्या रात्री तेच प्लास्टिक गार पडते आणि माणसांच्या श्वासातली वाफ त्याला लागून पहाटे अंथरुणावर टपकते. तान्ह्या बाळाला खोकला कशाने झाला, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

यावर तांत्रिक उपाय आहे आणि तो महागडा नाही. छावण्यांत राहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत तो सांगितलेला असतो. छपराच्या वर वीतभर अंतर सोडून दुसरा थर ताणायचा, मग तो जुन्या ताडपत्रीचा असो, शेडनेटचा असो की पाचटाचा. ऊन वरच्या थराला लागते, मधल्या फटीतून हवा वाहते आणि खालचा थर तितका तापत नाही, रात्री तितका गारही पडत नाही. कोपीच्या दोन्ही टोकांना वरच्या बाजूला हातभर झरोका ठेवला की आतली वाफ निघून जाते. एका कोपीला यासाठी लागतो जुना शेडनेटचा तुकडा, चार जादा बांबू आणि दोरी. हंगाम सुरू होताना टोळी उतरते त्याच दिवशी हे सामान कारखान्याकडून हातात पडले, तर पहिल्या रात्रीपासून त्याचा उपयोग होतो.